समुद्राकडे पाठ करायला शिकले, मुल्कीला

आजी म्हणायची समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही. गुहागरला लहानपणी पाण्यात उतरलं की पहिलं हेच ऐकायला मिळायचं. आणि सर्फिंगमध्ये लाट पकडायची तर नेमकं तेच करावं लागतं, हे मला चाळिशीत कर्नाटकच्या किनाऱ्यावर मुल्कीला जाऊन कळलं.

कुर्ल्याहून दुपारची मत्स्यगंधा एक्स्प्रेस पकडली, सकाळी उडुपीच्या पुढे मुल्की. शांभवी नदी इथे समुद्राला मिळते. जॅक हेबनर नावाच्या अमेरिकन स्वामींनी २००४ च्या सुमारास इथल्या आश्रमातून मुलांना सर्फिंग शिकवायला सुरुवात केली, म्हणून त्यांना सगळे सर्फिंग स्वामी म्हणतात. डिसेंबरमध्ये लाटा लहान असतात, नवशिक्यांना बऱ्या.

पहिला तासभर वाळूवरच. पालथं पडायचं, तळवे बरगड्यांशेजारी टेकवायचे आणि एका झटक्यात उभं राहायचं, गुडघे वाकलेले. कोणता पाय आपसूक पुढे पडतो ते बघायला शिकवणाऱ्या मुलाने न सांगता मागून हलकासा धक्का दिला, डावा पाय पुढे पडला, म्हणजे बोर्डाला बांधलेली दोरी उजव्या घोट्याला, मागच्या पायाला. मग नऊ फुटी फोमचा बोर्ड घेऊन कमरेएवढ्या पाण्यात.

पहिल्या दिवशी मी एकदाही उभी राहिले नाही. पुढे सरकून झोपलं की बोर्डाचं नाक पाण्यात घुसतं, मागे सरकलं की लाट खालून निघून जाते, हे तासाभरात कळलं. पण मागून फेसाचा आवाज आला की माझी मान वळायचीच, मान वळली की खांदा वळतो, बोर्ड कलंडतो आणि नाकातोंडात पाणी. संध्याकाळी बरगड्यांवरची कातडी सोलवटलेली, हात वर होईनात, नीर डोसा आणि बांगडा खाऊन साडेआठला झोपले.

दुसऱ्या सकाळी तो शिकवणारा मुलगा म्हणाला, पीछे मत देखो दीदी, वो नारियल देखो. किनाऱ्यावर एक वाकडा माड होता, त्याच्यावर नजर ठेवली. खरं सांगते, पाठीमागे लाट येतेय हे माहीत असून न बघणं हे अख्ख्या सर्फिंगमधलं सगळ्यात अवघड काम आहे, हातापायांचं त्यापुढे काही नाही. आवाज जवळ आला, बोर्डाची शेपटी पायाखाली उचलली गेली, दोन हात जोरात मारले आणि उभी राहिले. एकदम शांत वाटलं, पाण्याचा आवाजसुद्धा खाली कुठेतरी राहिला, तो माड माझ्याकडे सरकत होता आणि बोर्ड थेट वाळूला घासेपर्यंत मी उभीच.

मागे वळून बघितलं तेव्हा तो मुलगा पाण्यात दोन्ही हात वर करून ओरडत होता. मी बोर्ड काखेत मारला आणि परत आत गेले, दुपारी गाडी होती तरी.