गोव्याच्या हिरव्याला लगाम

पावसाळ्यात तेलरंगाने निसर्गचित्र काढायला दिवाडी बेटावर फेरीतून उतरलं की समोर सगळं हिरवं. शेत हिरवं, बांध हिरवा, माड हिरवे, मागचा डोंगर हिरवा आणि जुन्या भिंतीवरचं शेवाळ तेवढं राहिलं होतं, तर तेही हिरवंच. अशा वेळी ट्यूबमधला तयार हिरवा, म्हणजे सॅप ग्रीन, पॅलेटवर पिळला, की तासाभरात चित्राची पालकाची भाजी होते. यावरचा अर्धा उपाय घरीच करून निघायचा असतो: ज्यावर चित्र काढायचं तो बोर्ड पांढरा ठेवायचा नाही.

३ मिमी जाडीच्या एमडीएफचे ९ × १२ इंचांचे तुकडे सुताराकडून कापून आणा. बाहेर बसून करायला हा आकार पुरे. दोन्ही बाजूंना आणि कडांना जेसो, म्हणजे रंगाखालचं पांढरं अस्तर, लावा. पुढच्या बाजूला तीन हात, प्रत्येक हात सुकला की २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासायचं. कडा उघड्या ठेवल्या तर आषाढातली हवा तिथून आत शिरते, बोर्ड फुगतो आणि जेसो कडेपासून सुटायला लागतो. शेवटी पाणी घालून पातळ केलेल्या अॅक्रिलिक बर्न्ट सिएनाचा एक हात. अॅक्रिलिकवर तेलरंग चालतो, तेलरंगावर अॅक्रिलिक कधीही नाही, ते धरून राहत नाही.

हा जांभ्याचा रंग मुद्दाम घ्यायचा. फटकाऱ्यांच्या मधून तो राईएवढा जरी डोकावला तरी शेजारचा हिरवा जिवंत वाटतो, कारण लाल आणि हिरवा एकमेकांना उठाव देतात. शिवाय गोव्यात गवताखाली खरोखर तोच रंग असतो.

ट्यूबा आठच: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, कॅडमियम रेड, पर्मनंट अलिझारिन (गडद लाल), बर्न्ट सिएना, आणि अल्ट्रामरीन, सेरुलियन हे दोन निळे. पांढरा इतरांच्या दुप्पट काढा. हिरवी ट्यूब घरी. लावणी झालेल्या सरद, म्हणजे पावसाळी भाताच्या, शेतासाठी लेमन यलो चार भाग, अल्ट्रामरीन एक भाग आणि चण्याएवढा बर्न्ट सिएना, इथून सुरुवात करा. ट्यूबांची ताकद कंपनीगणिक बदलते, म्हणून निळा शेवटी आणि थोडा थोडा. याच ढिगाऱ्यातून मागची शेतं काढायची: पिवळा कमी, पांढरा जास्त, वर अलिझारिनचा किंचित स्पर्श. डोंगरापर्यंत पोचता पोचता हिरवा जवळपास जांभळट राखाडी व्हायला हवा. होत नसेल तर डोळे बारीक करून पुन्हा बघा. आपल्याला झाडं हिरवी असतात हे माहीत असतं, म्हणून ती हिरवी दिसतात.

माडावर मात्र वेळ घालवावा. झावळीत एक नव्हे, निदान तीन हिरवे असतात. पातीची वरची बाजू चकचकीत, त्यामुळे तिथे आकाश उतरतं: सेरुलियन, पांढरा, थोडा ऑकर. उन्हाकडे तोंड करून बसलात तर ऊन पातीतून आरपार येतं, तिथे लेमन आणि ऑकर, पांढरा नको. पोटातली सावली अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाची, त्यात लेमन नावापुरता. पाती एकेक काढू नका. आधी मधल्या दांड्याचा बाक, मग चपट्या ब्रशने दांड्यापासून बाहेर सपासप ओढलेला एकसंध आकार, आणि शेवटी आकाशाच्या रंगाने फटी कापायच्या. फटींतलं आकाश मोकळ्या आकाशापेक्षा एक छटा गडद ठेवावं, नाहीतर झावळीला भोकं पाडल्यासारखी दिसतात.

समुद्राकडे वळलं की उलटी चूक होते: सगळे निळा काढतात. पावसाळ्यात किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ, मातकट करडं असतं. थंडीत हिरवट राखाडी. निळा दिसतो तो बराचसा आकाशाचा. फेसही पांढरा नसतो. लाटेच्या सावलीतला फेस जांभळट करडा, शुद्ध पांढरा फक्त ऊन लागलेल्या कडेला, तोही दोन-तीन ठिकाणीच.

आपला किनारा पश्चिमेला. सकाळी समुद्राकडे तोंड केलं की ऊन पाठीमागून येतं, पाण्याचा खरा रंग कळतो, शिकणाऱ्याने हीच वेळ धरावी. तीननंतर पाणी चमकायला लागतं आणि ती चमक कुठल्याही पांढऱ्यात नाही. मग चित्रातलं बाकी सगळं एक-दोन छटा उतरवायचं, तरच चमक चमकेसारखी वाटते. मेच्या सुरुवातीला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, माडाची सावली बुंध्याशी गोळा होते. त्या वेळी काढण्यासारखं काही उरत नाही, जेवायला जावं.

भरती-ओहोटी न बघता किनाऱ्यावर बसू नये. जुना हिशेब अजून कामाचा आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ येते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला अकराच्या आसपास. म्हणजे पौर्णिमेच्या दिवसांत संध्याकाळी पाचच्या सुमाराला पाणी खूप आत गेलेलं असतं आणि ओल्या वाळूचा मोठा आरसा मिळतो. नेमकी वेळ तक्त्यात बघा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची जागा आज त्याच वेळी तशी नसते. खाजनातल्या (बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतजमिनीतल्या) मानशीजवळ, म्हणजे पाण्याच्या झडपेजवळ, बसणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. ओहोटीला दारं उघडून आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला मिटतात. पाण्याची रेघ पहिल्या दहा मिनिटांत ठरवा आणि तिच्याशी इमान राखा.

तसंच सावल्यांचं. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून बैठक दीड तासाची. दहा मिनिटं पेन्सिलने कागदावर गडद, मध्यम, उजळ अशा तीन छटांचा आराखडा. मग टर्पेंटाइनने पातळ केलेल्या अल्ट्रामरीन-सिएनाने सगळे गडद भाग आणि सावल्या एकदम बांधून टाका. त्यानंतर सावली हलली तरी तिच्यामागे धावायचं नाही. टर्पेंटाइन पहिल्या थरालाच. वरच्या थरात तेलाचं प्रमाण वाढत गेलं पाहिजे, उलट झालं की काही महिन्यांनी तडे.

वाऱ्यासाठी तिवईच्या मध्यभागी पिशवीत दगड लटकवा, बोर्ड शिडासारखा वारा धरतो. छत्री पांढरी किंवा करडी. समुद्रकिनारी मिळणारी लाल-पिवळी छत्री सगळं चित्र लाल-पिवळं करते. पांढरा सदराही नको, त्याचा उजेड ओल्या रंगावर पडतो. बोर्ड आणि पॅलेट दोन्ही सावलीत हवेत. बोर्ड उन्हात ठेवून केलेलं चित्र घरी आणलं की काळवंडलेलं निघतं.

ओल्या रंगावर वाळू उडाली तर हात लावू नका. पुरतं सुकू द्या, मग कोरड्या ब्रशने झाडा, बरीचशी निघते. पावसाच्या थेंबांचंही तेच: ब्रशने पुसायला गेलात तर पाणी रंगात घोळतं आणि लगदा होतो. थेंब आपोआप उडू द्यावेत.

दोन ओली चित्रं आणायची तर समोरासमोर तोंड करून, चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे ठेवून क्लिपा लावा. घरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ढकलू नका, श्रावणापर्यंत बुरशी धरते, आणि अंधारात जवसाचं तेल पिवळंही पडतं. मोकळ्या हवेची, उजेडाची भिंत बरी. वार्निश सहा महिने ते वर्षभराने.

तेलाच्या चिंध्या चुरगाळून कचऱ्यात टाकायच्या नाहीत. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेली चिंधी स्वतःहून पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका. उरलेलं टर्पेंटाइन बाटलीत परत आणा. गाळ खाली बसला की वरचं पुन्हा वापरता येतं, आणि शेताच्या पाटात ओतण्याचा प्रश्नच येत नाही.