पांझरेच्या पाटाकाठाने

शनिवार, रात्र. मुक्काम पिंपळनेर.

धुळ्याहून निघताना एकच गोष्ट ठरवली होती, सुरत हायवे शक्य तितका टाळायचा. हायवे पांझरेला धरूनच जातो म्हणतात, पण त्यावरून नदी दिसते कुठे? दिसतात ट्रक, ढाबे आणि पुढच्या गाडीचा मागचा भाग. नेरच्या अलीकडेच डांबर सोडलं, शिवरस्त्याला लागलो आणि पहिल्यांदा पक्ष्यांचा आवाज ऐकू आला.

सोबत धाकटा भाऊ. दोघांच्याही ग्रॅव्हल सायकली, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीच्या, टायर ४० मिलिमीटरचे, ट्यूबलेस, आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं पांढरं द्रव. आमच्याकडे त्याशिवाय भागत नाही. बांधाबांधावर बाभूळ, आणि कुंपणाला तिच्याच फांद्या टाकलेल्या. आज कितीदा काटा घुसला असेल देव जाणे. हाताने उपसला की 'फुस्स' होतं, पांढरा थेंब वर येतो, चाक दोन गिरक्या फिरवलं की बंद. हवा ३५ पीएसआयच्या आसपास ठेवली होती. मुरमावर त्याहून जास्त हवा भरली तर मनगटं रात्रीपर्यंत बोलत राहतात.

दोन्ही बाजूंना कापसाची शेवटची वेचणी चाललेली. बायका ओटीत कापूस भरून बांधावर गाठोडी करत होत्या. एकीने हात वर करून विचारलं, "कथाइन उनात वं ताई?" धुळ्याहून म्हटलं तर कमरेवर हात ठेवून हसली. "सायकलवर?" मग आतल्या ओळीतल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं. गाडीतून गेलो असतो तर हे संभाषण झालं नसतं. पायी आलो असतो तर इथवर पोचायला दुपार झाली असती. माणसाच्या हाकेच्या अंतरात राहूनही दिवसभरात एक अख्खं नदीखोरं पालथं घालता येतं, म्हणून मला ही सायकल इतकी आवडते.

अक्कलपाडा धरणाला वळसा घातला. साक्री तालुका लागला तसं दातर्ती गाव आठवत राहिलं. १८८४ साली सार्वजनिक बांधकाम खात्यात नुकताच लागलेला एक तरुण सहायक अभियंता धुळ्यात राहायला आला आणि दातर्तीला पांझरेच्या पाटावर नळाचं सायफन बांधायचं काम त्याच्याकडे आलं. तो तरुण म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. ऐन पावसाळ्यात, पुराशी झगडत ते काम त्यांनी तडीस नेलं. कृष्णराजसागर धरण वगैरे सगळं पुढचं. सुरुवात आमच्या पांझरेवर झाली. हे धुळ्यातल्या प्रत्येक शाळेतल्या पोराला माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पण ते आले तेव्हाही पाट होतेच, आणि तेव्हाही जुनेच होते. आजचा दिवस खरा त्या पाटांचा.

फड पद्धत शाळेत दोन ओळींत शिकले होते. आज ती चालताना पाहिली. नदीत दगडी बंधारा, त्याच्या एका टोकाकडून निघालेला पाट, पाटाखाली भिजणारी जमीन म्हणजे थळ. थळाचे तीन-चार फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू-हरभरा, एखादा फड पाण्याविना, आणि दरवर्षी पाळी फिरती. प्रत्येक कुटुंबाचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असतो. त्यामुळे ऊस एकालाच आणि कोरडं दुसऱ्यालाच, असं होत नाही. पाणी शेतकरी स्वतः घेत नाही. ते पाटकरी देतो, शेतामागून शेत, ओळीने. पिकाची राखण करायला जागल्या, सगळ्यांवर देखरेखीला हवालदार, आणि यांचा पगार शेतकऱ्यांनी मिळून द्यायचा, पूर्वी धान्यात. साधारण तीनशे-चारशे वर्षं हे चाललेलं आहे, असं अभ्यासक मानतात.

मला सगळ्यात मोठी वाटली ती टंचाईची रीत. पाणी कमी पडणार असं दिसलं की शेवटच्याचं शेत वाळू देत नाहीत. त्या वर्षी भिजवायचे फडच कमी करतात. तूट सगळ्यांची. आजच्या कुठल्या कालव्यावर हे होतं? शेपटाकडच्या शेतकऱ्याचे हाल मी माझ्या मामांच्या गावी डोळ्यांनी पाहिलेत, म्हणून हे वाचताना आणि आज ऐकताना पोटात कालवलं.

सामोड्याच्या अलीकडे पाटाच्या भरावावरून सायकल चालवली. जेमतेम दोन हात रुंदीची पायवाट, एका बाजूला वाहतं पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस. पाटकरी आबा दार फोडत होते. दार म्हणजे पाटाच्या काठाला पाडलेली खाच, चिखल आणि पाचट कोंबून बंद केलेली. फावड्याचा एकच घाव, मग त्यांनी पाचट पायाने बाजूला सारलं आणि पाणी वाकून सरीत शिरलं. पुढे फेस, त्यात वाळकी पानं, मुंग्या, आणि पाण्याच्या तोंडाशी लगेच दोन बगळे हजर. आबा पाण्याकडे बघतच नव्हते. सरीच्या दुसऱ्या टोकाकडे कान लावून उभे होते. थोड्या वेळाने म्हणाले, "पोचनं." मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

किती वर्षं हे काम करता म्हणून विचारलं. "मन्हा बापबी पाटकरीच व्हता," एवढंच म्हणाले आणि पुढच्या दाराकडे निघाले. जाताना मागे वळून, "ताई, चहा पीसन जा, खोपीमा शे."

चहा घेतला. गुळाचा होता.

त्यांच्याच तोंडून कळलं की वर धरणं झाली, विहिरी झाल्या, ज्याला त्याला आपापलं पीक हवं झालं, तसे कितीतरी फड मोडले. बंधारे उभे आहेत, पाट बुजलेत. ते हे सांगताना कुणाला दोष देत नव्हते. मला मात्र राहून राहून वाटतंय की लळिंगचा किल्ला, थाळनेरच्या फारुकी कबरी, पारोळ्याचा खंदक या सगळ्यांइतकाच हा पाटही आमचा ऐतिहासिक वारसा आहे. उलट त्यांच्याहून नाजूक. किल्ला दुर्लक्षाने हळूहळू ढासळतो. फड मोडायला गावाची एक बैठक पुरते.

रविवार, संध्याकाळ. घरी.

सकाळी साक्रीवरून भामेरला. डोंगरांवर सगळीकडे पवनचक्क्या. त्यांच्या देखभालीसाठी मुरमाचे रस्ते पार माथ्यापर्यंत काढलेत. चढ जबर, पण ग्रॅव्हल सायकलला यापेक्षा चांगलं मैदान मी तरी खान्देशात पाहिलेलं नाही. वर वारा इतका की भावाशी बोलायचं तर थांबून कानात बोलावं लागत होतं. डोक्यावर पात्यांचा घरघराट, खाली खोऱ्यात भामेर गाव.

गावात किल्ल्याच्या जुन्या दरवाजाचे कोरीव खांब अजून उभे आहेत. डोंगराच्या पोटात खोदलेल्या गुहांची रांग आहे, लोक त्यांना राजाची घरं म्हणतात. जागोजागी पाण्याची खोदीव टाकी. एका टाक्याच्या काठावर डबा उघडला. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत, काल रात्री मावशीने बांधून दिलेलं. इथे एवढी टाकी खोदणाऱ्यांना पाण्याची किंमत नीट कळत होती. कालचा पाट आणि आजची टाकी एकाच तालुक्यातली. पावसाच्या सावलीतल्या या मुलखात राज्य करायचं असो की ऊस लावायचा असो, पहिला हिशेब पाण्याचाच.

दुपारी बळसाणे. बुराई नदीकाठची ही जुनी देवळं आता जैन तीर्थामुळे येणाऱ्यांनाही दिसतात, पण थांबतात थोडे. मोठ्या देवळात एकाच मंडपाला तीन गाभारे आहेत. बाहेर ऊन रणरणत होतं, आत दगड गार. खांबावरच्या नक्षीतून बोट फिरवलं तर कडा अजून बोटाला टोचतात, इतक्या शतकांनंतर! भाऊ तिथेच पाठ टेकून झोपला. मी अर्धा तास नुसतं छत बघत बसले. छताचे थर एकावर एक आत सरकत जातात आणि मधे कमळावर येऊन थांबतात.

परतीला उजेड पुरणार नव्हता, म्हणून सायकली एका पिकअपमध्ये टाकल्या. ड्रायव्हरदादांनी भाड्याचे पैसे घेतले, पण दोंडाईच्याकडची मिरची एक पिशवीभर वर दिली.

आल्या आल्या भावाने चेन धुवायला घेतलीय. मी नकाशा उघडून बसलेय. काल जे बंधारे पाहिले त्यांतल्या दोन-तीनच बंधाऱ्यांची नावं विचारली गेली. संक्रांतीनंतर पुन्हा जायचं, या खेपेला मुडावदपासून, म्हणजे पांझरा तापीला मिळते तिथल्या कपिलेश्वर मंदिरापासून सुरुवात करून वर उगमाकडे. प्रत्येक बंधाऱ्यावर थांबायचं, नाव, पाट चालू की बुजलेला, आणि पाटकरी कोण ते वहीत लिहायचं. पाटकरी आबांनी सांगितलंय, ऊस तुटायच्या आत या.