विनोदी कादंबरी छापून घेताना: माझा अनुभव

कादंबरी लिहिताना जेवढा दम लागला नाही, तेवढा ती छापून घेताना लागला. त्यातला बहुतेक एकाच प्रेसनं काढला. आमच्या बेळगावकडच्या सीमाभागातलं कुणी स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढणार असेल तर त्यानं हे वाचून घ्यावं.

कादंबरी खानापुरातल्या एका घराची. अण्णा पावसाळाभर अंगणात तांब्या ठेवून पाऊस मोजतात आणि पेपरातला आकडा खोटा पाडतात. आत्या यजमानांशी थेट बोलत नाही, जे काय सांगायचं ते म्हशीला सांगते. आणि आजी. तिचं माहेर गोकाककडचं. माया करते ती मराठीत, भांडते ती कन्नडमध्ये. निम्मा विनोद तिच्या भांडणावर उभा आहे, म्हणून तिची वाक्यं मी कन्नड लिपीतच ठेवली. आमच्याकडं बसच्या पाटीपासून जमिनीच्या उताऱ्यापर्यंत सगळं कन्नडमध्येच असतं, पोरं शाळेत ती शिकतात, त्यामुळं इथल्या वाचकाला अडचण नाही. पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला अण्णांच्या पुढच्या उत्तरावरून आजी काय म्हणाली ते कळतं. तशीच बेतून लिहिलीत ती उत्तरं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, विनासायास मिळाला. अर्ज ऑनलाइन, फी नाही, आणि लेखक स्वतःच प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो. एजंटला पैसे देऊ नका.

मग प्रेस. दुसऱ्या शहरातली, बऱ्यापैकी नावाजलेली. मी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा पद्धतीत, नीट टाइप केलेली फाईल दिली. त्यांनी ती कन्व्हर्टरमधून काढून आपल्या जुन्या फॉन्टात घातली. पहिलं प्रूफ हातात आलं आणि डोकं सटकलं. ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘कोपऱ्यात’, जिथं जिथं असा ‘ऱ्य’ होता तिथं तिथं अक्षर फुटलेलं. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेले. आणि आजीच्या तोंडी? ओळीनं रिकामे चौकोन. मधे माझा स्वल्पविराम तेवढा जागेवर, शेवटी उद्गारचिन्ह. त्याखाली अण्णा म्हणतात, “अगं, पण तो तांब्या तुझ्या माहेरचा नव्हता!” आता यावर कोण हसणार?

फोन केला तर पलीकडून उत्तर, “सर, ते कन्नड काढून टाकू या ना. कोण वाचणार आहे?”

मी वाचणार आहे. आमचा अख्खा तालुका वाचणार आहे. घरात दोन भाषा एकत्र नांदतात तेच तर या पुस्तकात आहे. ते काढून टाकलं तर उरतात फक्त विक्षिप्त माणसं, आणि तशी कुठंही मिळतात. हे मी त्यांना शांतपणे सांगितलं, नंतर आवाज चढवूनही सांगितलं. दर वेळी “बघतो” म्हणायचे. पुढच्या प्रूफात रफार दुरुस्त व्हायचे आणि मजकूर सरकून संवाद एकमेकांना चिकटायचे. आत्याचं वाक्य म्हशीच्या हंबरण्याला जोडून. विनोदात कोण कधी बोलतंय त्यालाच किंमत असते, आणि नेमका तोच परिच्छेद मोडलेला. त्यात भर म्हणजे पानं वाढली म्हणून जादा पैसे मागितले. छपाई बहुधा फॉर्मवर, म्हणजे 16 पानं एकत्र छापायच्या मोठ्या कागदावर, होते, त्यामुळं चार पानं वाढली तरी अख्ख्या फॉर्मचा हिशेब लागू शकतो. दर ठरवतानाच हे विचारून कागदावर घ्या.

सुटका झाली ती बेळगावातच. आमच्या गल्लीबोळांत लग्नपत्रिका छापणारे बसलेत, ते एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड असं रोज करतात. त्यातल्याच एका पोरानं फाईल बघितली आणि म्हणाला, “काका, ह्यात काय अवघड हाय? जुना फॉन्ट वापरूच नका की.” त्यानं इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर, म्हणजे आपल्या लिप्या नीट जुळवणारी सोय, चालू केली. ती बंद असली की वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात, हे प्रेसमधल्या एकालाही सांगता आलं नव्हतं. देवनागरीला नोटो फॉन्ट, कन्नडला त्याच घराण्यातला नोटो कन्नड. आजीच्या वाक्यांना वेगळी स्टाइल. फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाईलमध्येच बसवून, पीडीएफ काढली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून आजीचं पहिलं भांडण वाचलं. अक्षरन्‌अक्षर जागेवर. इतका आनंद मला कादंबरी पुरी झाली तेव्हाही झाला नव्हता.

एक राहिलंच. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, लिहिल्याक्षणी हक्क तुमचाच असतो. पण हस्तलिखित परक्या प्रेसच्या हाती देणार असाल तर आधी करून टाका. साहित्यकृतीला 500 रुपये लागतात, आणि हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. पुस्तक निघाल्यावर 1954 च्या कायद्याप्रमाणं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रती स्वखर्चानं पाठवायच्या असतात, तेही 30 दिवसांत. आणि विक्रीची काळजी असेल तर हिवाळा गाठा. कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर अशी आमच्याकडं गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात, लोक तिथं पुस्तकं घेतात.

त्या प्रेसकडं माझी आगाऊ रक्कम अजून अडकली आहे. लेखी मागणी पोस्टानं पाठवली आहे, पोचपावतीही आली. पैसे येईपर्यंत मी पाठपुरावा सोडणार नाही.