ऑप्टिमाची कंबर: सहावा आठवडा

ऑप्टिमा या रोमन टाइपची, म्हणजे छापील अक्षरशैलीची, अक्षरं हाताने काढायला शिकतोय. सहा आठवड्यांत अकरा कॅपिटल अक्षरं. वेग गोगलगायीचा, पण ‘आय’ आणि ‘एच’ अखेर जमले.

ऑप्टिमा निवडला तेव्हा वाटलं होतं, सेरिफ (रेघांच्या टोकांवरचे छोटे फाटे) नाहीत म्हणजे काम सोपं. हसा खुशाल. पहिले तीन आठवडे उभ्या रेघा पट्टीने मारल्या आणि अक्षरं काडेपेटीतल्या काड्यांसारखी दिसली. मग मूळ अक्षर सहा सेंटिमीटर उंच छापून वर ट्रेसिंग पेपर ठेवला. बघतो तर उभ्या रेघेची कड सरळ नाहीच! टोकांशी किंचित फुलते, मध्यावर आत जाते. डमरूसारखी ठसठशीत कंबर नव्हे; माझ्या छपाईत जाडीचा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तेवढा काढला की अक्षर लगेच मुकं होतं. आता कड मोकळ्या हाताने, खांद्यातून ओढतो.

ऑप्टिमाचा जर्मन रचनाकार हेर्मान त्साफ, त्याला हे वळण १९५० साली फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये, जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवर दिसलं. जवळ कागद नव्हता, म्हणून रेखाटनं केली हजार लिरांच्या नोटेवर. (आपल्याकडे वाण्याने ती परत केली असती.) फ्रँकफर्टच्या श्टेम्पेल फाउंड्रीने (टाइप ओतणाऱ्या कारखान्याने) हा टाइप बाजारात आणला १९५८ मध्ये. पुढे वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्ध स्मारकाच्या काळ्या ग्रॅनाइटवर हजारो मृतांची नावं याच अक्षरात कोरली गेली. एस्टी लॉडरच्या प्रसाधनांवरही हाच. थडगं आणि लिपस्टिक दोन्हीकडे शोभेल असा दुसरा टाइप मला तरी आठवत नाही.

रुंदीचं गणित रोमन शिलालेखांचं: ‘ई’, ‘एल’ अरुंद, ‘ओ’ ऐसपैस. सगळी अक्षरं एका मापात बसवायचा मोह मला अजून आवरत नाही.

दरम्यान घराची पाटी करायला टाकली आणि फसलो. लेझर कटिंगवाल्याने फाइलमधल्या कडा ‘साफ’ करून दिल्या. साफ म्हणजे सरळ. कंबर गायब. आई म्हणाली, “छान आहे की, बँकेसारखी.” कमी रिझोल्यूशनच्या पडद्यावरही असंच होतं, एवढं हलकं वळण दाखवायला पिक्सेल पुरत नाहीत. म्हणून हा टाइप मी मथळे, पाट्या, आमंत्रणं यांसाठीच राखून ठेवलाय.

रविवारी याच धर्तीवर देवनागरी ‘क’ काढला. साफ बिघडला. जाड-बारीक मी रोमनच्या बाजूने दिलं होतं, आणि आपल्या बोरूचा काप उलटा, त्यामुळे जाडीही उलट्या तिरक्या दिशेला पडते. शिरोरेघेला कंबर द्यावी का, यावर अजून घुटमळतोय. दिली तर दोरी सैल पडल्यासारखी दिसते, नाही दिली तर खालचा दांडा परका वाटतो.

पुढच्या आठवड्यात ‘एस’. त्याचे चार कागद आधीच टोपलीत गेलेत.