वेताळ, वेतोबा आणि फ्लेचर हँक्स

परवा कोकणात आरवलीला वेतोबाच्या, म्हणजे तिथल्या ग्रामदेवाच्या, देवळात गेलेलो, तिथले ते भलेमोठ्ठे चपलांचे जोड बघून आठवलं, लहानपणी वाटायचं की इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ (जंगलात राहणारा मुखवटेवाला हिरो, इंग्रजीतला फँटम) आणि हा वेतोबा एकच, रात्री गावची राखण करतो म्हणजे तोच ना! घरी आलो तर पाऊस धो धो, लाईट गेलेली, मोबाईलात थोडी बॅटरी होती म्हणून फ्लेचर हँक्स या जुन्या अमेरिकन चित्रकाराची कॉमिक्स परत वाचायला घेतली.

हा माणूस फार कोणाला माहीतच नाय. १८८९ चा जन्म, चित्रकला शिकला ती पोस्टाने कोर्स करून, आणि सुपरहिरो कॉमिक्समध्ये आला तेव्हा पन्नाशीला टेकलेला. सुपरमॅन येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. १९३९ ते १९४१, बस एवढीच कारकीर्द! पण गोष्ट, चित्रं, शाई, अक्षरं सगळं स्वतःच करायचा. त्याचा सुपरहिरो स्टारडस्ट व्हिलनला नुसता पकडत नाय, अशा विचित्र शिक्षा देतो की हसावं की घाबरावं कळत नाय. आणि फँटोमा! जंगलाची राखणदारीण, एरवी देखणी, चिडली की तोंडाची कवटी. वंडर वुमनच्या आधीची हां ही, १९४० ची. हातपाय वेडेवाकडे काढलेत, मान्य, पण आजच्या गुळगुळीत चित्रांपेक्षा मला हेच आवडतं.

माणूस म्हणून मात्र बेकार, दारुडा, बायकोपोरांना मारायचा, शेवटी सोडूनच गेला. १९७६ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये बागेतल्या बाकावर थंडीत गारठून मेलेला सापडला. त्याच्या कॉमिक्सची पुस्तकं निघाली ती २००७ पासून.

बॅटरी तिथेच संपली.