तीन बोटांचा बेस: १८० बीपीएमचा टप्पा

बेस गिटार तीन बोटांनी वेगात वाजवायचा सराव चालू आहे. मागच्या नोंदीत १६० बीपीएमवर (मिनिटाला १६० बीट्स) अडकलो होतो. आता १८० ला, प्रत्येक बीटला चार नोट्स, सलग आठ बार (चार बीट्सचा एक बार) स्वच्छ निघतायत. पिक (तार छेडायची चकती) नाही. अनामिका, मधलं बोट, तर्जनी, पुन्हा अनामिका. २०० अजून लांब आहे.

दोन बोटांवरच राहायचं की तिसरं आणायचं, हा वाद आपल्या बेसवाल्यांत नेहमी होतो. स्टीव्ह हॅरिस आयर्न मेडन या बँडचा सगळा गॅलप (घोड्याच्या टापांसारखा ताल) दोन बोटांवर वाजवतो, तेही फ्लॅटवाउंड (गुळगुळीत, सपाट वेटोळ्यांच्या) तारांवर, आणि तारा फ्रेटवर आपटल्याचा तो खणखणाट दुसऱ्या कुणाला साधलेला नाही. पण गॅलपमध्ये दर बीटला एक लांब नोट येते, तेवढाच बोटांना श्वास मिळतो. डेथ मेटल या वेगवान, जड संगीतात तो मिळत नाही. २०० बीपीएमला सेकंदाला तेरा-चौदा नोट्स पडतात. दोन बोटांत वाटल्या तर प्रत्येकाला साडेसहाच्या वर, तीन बोटांत साडेचारच्या आत. कॅनिबल कॉर्प्स या डेथ मेटल बँडचा अ‍ॅलेक्स वेबस्टर तीन बोटं का वापरतो, ते या हिशोबातच दिसतं.

खरी अडचण वेगाची नाही, सम सांभाळण्याची आहे. बोटं तीन, नोट्स चार. पहिली बीट अनामिकेवर सुरू होते, दुसरी मधल्या बोटावर, तिसरी तर्जनीवर, चौथी पुन्हा अनामिकेवर. म्हणजे पुढच्या बारची सम मधल्या बोटावर येते, त्याच्या पुढच्या बारची तर्जनीवर, आणि तीन बार झाले की गाडी मूळ जागी. जोर कुठल्या बोटाने द्यायचा हे दर बीटला बदलतं. म्हणून मी ८० बीपीएमला फक्त बीटच्या पहिल्या नोटवर जोर देऊन वाजवत बसलो. कंटाळवाणं आहे, पण १६० ची भिंत यानेच फुटली.

पडताळणीला एकच उपाय: डिस्टॉर्शन आणि कम्प्रेसर हे इफेक्ट बंद करून बेस थेट लॅपटॉपवर रेकॉर्ड करा आणि वेव्हफॉर्म मोठा करून बघा. माझ्याकडे दर तिसरं शिखर बुटकं दिसायचं. ती अनामिका. कानाला जे फक्त 'जरा लंगडतंय' इतकंच कळतं, ते डोळ्यांना नोटगणिक दिसतं. आता तिन्ही शिखरं जवळपास एका उंचीची आहेत.

आवाजाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. पाच तारी बेसची सगळ्यात जाड बी तार सेकंदाला साधारण ३१ वेळा कंप पावते. २०० बीपीएमला एका नोटच्या वाट्याला ७५ मिलिसेकंद येतात. म्हणजे तार जेमतेम सव्वादोन कंपनं पुरी करते आणि पुढचं बोट येऊन थडकतं! एवढ्यात स्वर नीट उमटायला वेळच नसतो. ऐकणाऱ्याला नोट कळते ती बोट सुटतानाच्या टक् आवाजावरून. म्हणून वेगवान भागात मी हात ब्रिजकडे (तारांच्या बांधलेल्या टोकाकडे) सरकवतो, नव्या स्टील राउंडवाउंड (खरबरीत वेटोळ्यांच्या) तारा लावतो आणि बास (खालचे स्वर) वाढवायच्या ऐवजी मिड (मधले स्वर) वाढवतो.

सुताराकडून शिसवीची एक पट्टी कापून दोन पिकअपच्या मधे, तारांखाली, दुहेरी टेपने बसवली आहे. बेसवादक गॅरी विलिसमुळे माहीत झालेला हा रॅम्प. बोट तारेखाली खोल जातच नाही, त्यामुळे परतीचा प्रवास छोटा होतो आणि मनगटही सैल राहतं. मनगटावर ताण जाणवला की मी तिथेच थांबतो, यात तडजोड नाही.

आता काम तारा बदलण्याचं. जाड तारेकडे येताना त्याच बोटाने ओढत यायचा मोह होतो आणि क्रम मोडतो. स्टीव्ह डाय जॉर्जियोने डेथ या बँडच्या १९९३ च्या अल्बमवर वाजवलेल्या लाइन्स अर्ध्या वेगाने घेऊन बसलोय. तार बदलताना क्रम कडक ठेवता की ओढू देता? तीन बोटांनी वाजवणाऱ्यांनी जरूर लिहा.