शाळेत एलजीबीटी सत्र घ्यायचंय? सुरुवात स्टाफरूमपासून करा

जून, म्हणजे प्राइड महिना आला की एलजीबीटी (समलैंगिक, द्विलैंगिक, ट्रान्सजेंडर) लोकांचे इंद्रधनुषी झेंडे दिसायला लागतात आणि संस्था, कॉलेजचे गट, काही तळमळीचे मुख्याध्यापक यांच्या मनात येतं, आपल्या शाळेतही एखादा कार्यक्रम घेऊया. हेतू चांगलाच आहे. पण हे जागतिक दिवस आपल्याकडच्या शाळेच्या वर्षात बसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये १७ मे या दिवशी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. त्याची आठवण म्हणून पाळला जाणारा हा दिवस नेमका उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो. जूनमध्ये प्रवेश, पुस्तकं, गणवेश यांची धांदल असते आणि ३१ मार्चला, म्हणजे ट्रान्सजेंडर दृश्यता दिनाला, परीक्षा डोक्यावर असतात. म्हणून जुलै-ऑगस्ट, किंवा दिवाळीची सुट्टी संपल्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ धरा. १० डिसेंबरचा मानवी हक्क दिन आणि ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती शाळा एरवीही साजरी करतात. त्या निमित्ताने विषय मांडला तर परवानगी लवकर मिळते.

तारखेपेक्षा महत्त्वाचा आहे क्रम. आधी शिक्षक, मग पालक आणि सगळ्यात शेवटी मुलं. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. बाहेरून वक्ते येतात, सभागृहात चारशे मुलं बसवली जातात, टाळ्या होतात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी एखादा नववीतला मुलगा धीर करून वर्गशिक्षकांना गाठतो आणि त्यांना काय बोलावं हेच सुचत नाही. "हे वय असंच असतं, जाईल," असं म्हणून ते विषय संपवतात, किंवा काळजीपोटी संध्याकाळी त्याच्या घरी फोन करतात. त्या फोननंतर काही घरांत मारहाण होते, काही घरांत शाळा बंद होते, मुलगी असेल तर लग्नाची घाई सुरू होते. सत्राने त्या मुलाला बोलायची हिंमत दिली, पण ऐकणारा तयार केला नव्हता.

एका समलिंगी जोडप्याने संरक्षण मागितलेल्या, मद्रास उच्च न्यायालयाच्या सुषमा खटल्यात हाच क्रम दिसतो. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी निकालाआधी स्वतः मानसशास्त्रज्ञांसोबत बसून विषय समजून घेतला आणि मगच ७ जून २०२१ रोजी शाळांसाठी सूचना दिल्या: पालक-शिक्षक सभांमधून जागृती, सर्वांना वापरता येईल असं स्वच्छतागृह, प्रवेश अर्जात वेगळा रकाना, कागदपत्रांवर नाव आणि लिंगनोंद बदलण्याची सोय. तो आदेश तमिळनाडूपुरता असला तरी मुख्याध्यापकांना द्यायच्या पत्रात त्याचा उल्लेख जरूर करा. कोर्टाने हे आधीच तपशिलात सांगितलंय म्हटलं की समोरची व्यक्ती वेगळ्या कानाने ऐकते.

पत्र एकाच पानाचं ठेवा. त्यात दोन कायदे हवेत. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घालतं. ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ याचं कलम १३ शासनमान्य आणि अनुदानित संस्थांना भेदभाव न करता शिक्षण, खेळ आणि करमणुकीची संधी द्यायला सांगतं. सोबत सत्रात काय बोलणार आहात याचा आराखडा मिनिटांसकट जोडा. मुख्याध्यापकांची खरी अडचण ही असते की उद्या कोणी जाब विचारला तर हातात कागद हवा. तो कागद आपण द्यायचा. पत्राची एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीकडे जाऊ द्या. तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांना आधी कळलं तर ते बाजूने उभे राहतात, नंतर कळलं तर विरोधात.

तयार सरकारी पुस्तिका मिळेल या आशेवर थांबू नका. एनसीईआरटीने २०२१ मध्ये शिक्षकांसाठी असं साहित्य संकेतस्थळावर टाकलं होतं. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या आक्षेपानंतर ते काही दिवसांत काढलं गेलं.

शिक्षकांच्या सत्राला दीड तास लागतो आणि एका वेळी तीस-पस्तीसपेक्षा जास्त जण नकोत. पहिल्या अर्ध्या तासात तीन गोष्टी वेगळ्या करून दाखवा: शरीराची घडण, स्वतःला मुलगा समजणं, मुलगी समजणं किंवा दोन्ही नाही असं वाटणं, आणि ओढ कोणाबद्दल वाटते. या तिन्ही एकाच गाठोड्यात बांधल्या जातात, म्हणून नाचाची आवड असलेल्या मुलाला सगळी शाळा परस्पर "तसला" ठरवून मोकळी होते. पुढचा पाऊण तास प्रसंगांसाठी ठेवा. पाच-पाच जणांचे गट करा आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. आठवीतल्या मुलाला वर्गात "बायल्या" म्हणून हाक मारतात आणि त्याची आईच येऊन म्हणते, "सर, याला जरा कडक करा." दोन मुलींमधली प्रेमाची चिठ्ठी बाईंच्या हाती लागते. मुलगी म्हणून नाव नोंदलेलं मूल सांगतं, मला वेगळ्या नावाने हाक मारा. चिठ्ठीच्या प्रसंगावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण तिथेच सगळ्यात जास्त चुकतं. चिठ्ठी वर्गात मोठ्याने वाचली जाते किंवा दोघींच्या पालकांना एकत्र बोलावलं जातं. मुलगा-मुलीची चिठ्ठी सापडली तर शाळा जे करते त्यापेक्षा वेगळं काहीही इथे करायचं नाही, एवढी एकच कसोटी लावा.

शेवटची पंधरा मिनिटं कायद्यासाठी, आणि इथे वक्त्याला एकही चूक परवडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या बाहेर आले. अठराखालच्या मुलांना पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा, लागू आहे. त्यामुळे शिक्षकांना फरक अगदी स्पष्ट सांगा. "मला मुलगे आवडतात" हे सांगणं म्हणजे कुठलाही गुन्हा नाही. ते कोणालाही कळवावं लागत नाही आणि कळवूही नये. पण लैंगिक अत्याचार झाल्याचं मुलाने सांगितलं तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून मूल बोलायला बसलं की सुरुवातीलाच सांगावं: "तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. फक्त कोणी तुझ्यावर जबरदस्ती केली असेल किंवा तुझ्या जिवाला धोका असेल, तर मला मदत मागवावी लागेल." मग ऐकून घ्यावं, आणि शेवटी दोनच गोष्टी विचाराव्यात: घरी कोणाला माहीत आहे का, आणि सध्या तुला कुठे भीती वाटते. नाव, हाक, कपडे यांबद्दल त्याला काय हवंय ते त्यालाच ठरवू द्या. वर्गात नवं नाव हवं असेल, पण घरी माहीत नसेल, तर पालकसभेत आणि प्रगतिपुस्तकावर जुनंच नाव राहील हेही त्याच्याशी बोलून ठरवा.

पालकांसाठी वेगळी सभा बोलावू नका. ज्या दिवशी पालक निकाल घ्यायला येतात त्याच दिवशी पाऊण तास मागून घ्या. तज्ज्ञापेक्षा आईवडिलांनी बोललेलं जास्त पोचतं. "स्वीकार" हा एलजीबीटी मुलांच्या पालकांचा गट आहे. मुंबईत हमसफर ट्रस्ट अनेक वर्षं काम करत आहे. अशा ठिकाणी विचारणा केली तर मराठीत बोलणारं कोणी मिळू शकतं. प्रवासखर्च आणि मानधन द्या. स्वतःचं आयुष्य उलगडून सांगणं हेही कामच आहे. "हे ऐकून आमची मुलं तशी होतील" हा प्रश्न हमखास येईल. चिडू नका, सरळ उत्तर द्या: ओढ शिकवून येत नाही आणि मारून जातही नाही. समलैंगिकता हा आजार नाही, असं इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने जाहीरपणे सांगितलंय. उपचाराच्या नावाखाली ओढ बदलू पाहणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. देवऋषाकडे नेऊन भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण झाली तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, हेही त्याच बैठकीत सांगून टाका.

आता मुलांचं सत्र. आठवी-नववीसाठी दोन सलग तासिका घ्या, एका वेळी एकच तुकडी, मुलं-मुली एकत्र. चारशे मुलांच्या सभागृहात कोणी प्रश्न विचारत नाही, फक्त हशा पिकतो. वर्गशिक्षक मागे बसतील, पण मध्ये बोलणार नाहीत हे आधी ठरवा. सत्राला नाव साधं द्या, "चिडवणं, छळ आणि आदर". फळ्यावर एलजीबीटी ही अक्षरं पहिल्या मिनिटाला लिहू नका. आधी वर्गात कोणाला कशावरून चिडवलं जातं ते विचारा. वजन, रंग, जात, चष्मा, तोतरेपणा, बायकी चाल, सगळं येईल. तिथून विषय आपोआप येतो आणि एकाच मुलावर सगळ्यांचे डोळे खिळत नाहीत.

प्रश्नपेटीची पद्धत नीट पाळा, कारण तिच्यातूनच मुलं उघडी पडतात. सगळ्यांना एकाच मापाचे कागद द्या, ए-फोर कागदाचे चार तुकडे पुरतात. प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल तर "मला प्रश्न नाही" हे पूर्ण वाक्य दोनदा लिहायचं. नाहीतर कोण लिहितंय आणि कोण नाही हे शेजारच्याला लगेच कळतं. घड्या सारख्या घालायच्या, पेटी बाकांवरून फिरवायची, पुढे येऊन टाकायला लावायचं नाही. चिठ्ठ्या फक्त बाहेरच्या वक्त्याने उघडायच्या, आधी मनात वाचायच्या आणि प्रश्न आपल्या शब्दांत मांडायचा. वर्गशिक्षकांना प्रत्येकाचं अक्षर ओळखता येतं, म्हणून चिठ्ठ्या शाळेत ठेवायच्या नाहीत. वाचताना कोणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर मात्र ती चिठ्ठी बाजूला काढून समुपदेशकांशी त्याच दिवशी बोला. "इथे कोणी असं आहे का?" हा प्रश्न कधीही नको, हात वर करायला लावणारे खेळ नकोत, आणि सत्राचे फोटो शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर अजिबात नकोत.

सत्रानंतरचे दोन-तीन आठवडे जास्त नाजूक असतात. मुलांना नवे शब्द मिळालेले असतात, ते चिडवण्यासाठी वापरले जातात. मधल्या सुट्टीत जिन्याशी, पाण्याच्या टाकीपाशी आणि सायकल स्टँडवर एकेक शिक्षक उभे राहतील अशी व्यवस्था मुख्याध्यापकांकडून आधीच लिहून घ्या. शेरा ऐकला की तिथल्या तिथे, शांतपणे, एका वाक्यात थांबवायचं: "हा शब्द आपल्या शाळेत चालत नाही." लांब भाषण नको, आणि ज्याला चिडवलं त्याला सगळ्यांसमोर "तुला वाईट वाटलं का रे?" असं विचारणंही नको.

स्वच्छतागृहाबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं. अनेक मुलं दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण मुलांच्या मुतारीत त्यांना ढकललं जातं, कपडे ओढले जातात. पोटात दुखतं, लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होतो, आणि प्रगतिपुस्तकात फक्त गैरहजेरी दिसते. नवीन बांधकामाची गरज नाही. आतून कडी लागणारं एकच शौचालय सर्वांसाठी खुलं करा, बहुतेक ठिकाणी दिव्यांगांसाठी बांधलेलं असतंच. त्यावर "ट्रान्सजेंडर" अशी पाटी लावू नका, ती लावली की तिथे जाणं म्हणजे जाहीर करणं होतं. "सर्वांसाठी" एवढं पुरे. आणि त्याला कुलूप लावून किल्ली ऑफिसात ठेवू नका. किल्ली मागायला लागली तर मूल पुन्हा पाणी पिणं सोडेल.

गॅदरिंगच्या नाटुकल्या जरूर तपासा. साडी नेसलेला मुलगा कंबर हलवतो आणि सभागृह लोळतं, हा विनोद वर्षानुवर्षं चालत आलाय. त्याच सभागृहात बसलेलं एखादं मूल तेव्हा काय शिकतं याचा विचार तालमीच्या वेळीच व्हायला हवा.

कागदपत्रांबाबत एकच सांगते: उशीर करू नका. दहावीचा बोर्डाचा फॉर्म जनरल रजिस्टरवरच्या, म्हणजे शाळेच्या मूळ प्रवेश नोंदवहीतल्या, नोंदीप्रमाणे भरला जातो आणि त्या रजिस्टरमधल्या बदलाला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की काम कितीतरी अवघड होतं. घरचे पाठीशी असतील आणि नाव बदलायचं असेल तर राजपत्रासकट सगळी धावपळ नववीतच सुरू करा.

मदतीचे क्रमांकही कुठे लावता याला महत्त्व आहे. सूचनाफलकासमोर उभं राहून असा नंबर उतरवून घ्यायला कोणी धजत नाही. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलिमानस सेवेचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हे दोन्ही क्रमांक इतर सूचनांच्या सोबत छापून शौचालयाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवा. लॅमिनेट केलेला कागद वर्षभर टिकतो. पुढच्या जुलैत तो बदलताना नव्या आठवीचं सत्र ठरवा, आणि त्याआधी बदलीवर आलेल्या शिक्षकांचा दीड तासही.